नवा मासा सोडण्याआधी

आई,

आपल्या घरातले मासे आता तव्यावर न जाता काचेत पोहतात, आणि तेही खाऱ्या पाण्यातले. तुझ्या सुनेने माझ्या निवृत्तीनंतर हा उद्योग काढला. समुद्र रिक्षाने जाण्याइतका जवळ असून आम्ही बोईसरच्या दुकानातून पाकिटातलं मीठ आणतो आणि शुद्ध पाण्यात कालवतो. नवापूरच्या किनाऱ्यावरून कळशी भरून आणलेलं पाणी चालत नाही म्हणे. तू असतीस तर पदर तोंडाला लावून विचारलं असतंस, "यातला खायचा कुठला?"

खायचा एकही नाही. उलट कोण कोणाला खाईल, निदान छळेल, हे बघूनच ते निवडायचे असतात. लग्नाआधी पत्रिका जुळवतात त्याहून कडक काम. नवशिक्याने शांत आणि चिवट मासे घ्यावेत, एका तोंडवळ्याचे दोन भांडखोर एकत्र ठेवू नयेत, आणि सगळ्यांत तापट जो असेल तो सगळ्यांत शेवटी सोडावा. मी जन्मभर वर्गात मत्स्यन्याय समजावून सांगितलेला माणूस, पण दुकानात निळाशार डॅमसेल दिसला आणि मी आधी तोच उचलला. दुकानदार म्हणाला, "सर, ये मरेगा नहीं, लेकिन किसी को जीने भी नहीं देगा." मला वाटलं, तेजस्वी दिसतोय. बोटाएवढा जीव, पण बघता बघता त्याने अख्खी टाकी स्वतःच्या नावावर करून घेतली. मागाहून आणलेल्या गरीब कार्डिनल माशाचे पर असे कुरतडले की त्याला दुकानात परत पोचवावं लागलं. तुझी सून म्हणाली, "त्या निळ्याचं आणि तुमचं गोत्र एकच दिसतंय."

हे ती उगाच म्हणाली नाही. उद्या तो येतोय. तुझ्या बहिणीचा मुलगा. मावशी गेल्यावर मासवणहून ज्याला तू "चार दिवस" म्हणून आणलंस आणि जो नोकरी लागेपर्यंत राहिला, तो. आता त्याची बायको नाही, डोळ्यांना कमी दिसतं. तुझ्या सुनेने मला न विचारता फोनवर सांगून टाकलं, "भावजी, इथेच या राहायला." आणि खोली द्यायची ती माझी, खिडकीतल्या टेबलाची. मी म्हटलं, विचार करू. ती म्हणाली, "करा की. रविवारपर्यंत वेळ आहे."

विचार करायला बसलो की मला आपलं कॉलनीतलं स्वयंपाकघर दिसतं. मुरब्याची कोळीण दारात टोपली उतरवते, "बाय, पापलेट येकच हाय आज, नाय बोलू नको." तू नाही म्हणत नाहीस. मधली तुकडी त्याच्या ताटात पडते, डोकं माझ्या. "तो पाहुणा आहे रे." इतकी वर्षं पाहुणा राहिलेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही! आणि एकदा जेवताना त्याने भात मागितला तो "मावशी" म्हणून नव्हे, "आई" म्हणून. मी घास हातात धरून थांबलो, तू त्याला दुरुस्त करशील म्हणून. तू भात वाढलास.

पण खरा सल खिडकीचा. तो यायच्या आदल्या दिवशी तू सगळं घर उलटंपालटं केलंस. माझी खाट काढलीस, आणि खिडकीतलं ते फळकूटही, ज्यावर बसून मी शब्दरूपं घोकायचो. तिथे तांदळाची कोठी आली, आणि आम्हा दोघांच्या सतरंज्या आतल्या खोलीत गेल्या. मी भोकाड पसरलं. तू म्हणालीस, "हात लाव कोठीला, एकटीने सरकत नाही." त्याने माझी खिडकी घेतली, असं मी आजवर ऐकेल त्याला सांगत आलोय.

काल क्लाऊन माशांची जोडी आणायला गेलो. दुकानदाराने विचारलं, "वो नीला अभी भी है? फिर पहले सब पत्थर हिला दो, सर. जगह बदल गयी तो पुराना भूल जाता है उसका घर कौन सा था. फिर वो भी नया, ये भी नये." मी त्याला थांब म्हणालो आणि बाहेर येऊन उभा राहिलो. आई, खिडकी त्याला मिळालीच नव्हती. खिडकी कोठीला मिळाली होती. तुला हे कोणी शिकवलं? काचेतला मासा तू आयुष्यात पाहिला नव्हतास.

मग आत जाऊन जोडी घेतली आणि रात्रभर खाऱ्या पाण्याच्या बादलीत ठेवली. आज सकाळी कोपरापर्यंत हात घालून टाकीतले सगळे दगड हलवले आणि जोडी सोडली. निळा एकदोनदा अंगावर धावून गेला, मग स्वतःच नवी कपार शोधत फिरू लागला. संध्याकाळ झाली, तिघेही धडधाकट आहेत. त्या भरात मी खोलीकडेही वळलो. कपाट सरकवलं, टेबल हॉलमध्ये ओढलं, त्याच्यासाठी खाट खिडकीखाली लावली. तुझी सून दारात उभी. "बरं वाटत नाहीये का तुम्हाला?"

हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि त्याच्या हाती लागलेलं मला चालणार नाही. स्वतःला दिसलं नाही तर तो दुसऱ्याकडून वाचून घेईल, तसलाच आहे तो. तेव्हा झोपण्याआधी फाडून टाकीन. पण त्या खोलीच्या भिंतीवर तुझा फोटो होता. सगळं हलवताना तोही हलला, आणि आता माझ्या टेबलासमोर आहे. उद्या तो विचारेल, आईचा फोटो कुठे गेला. मी सांगेन, सगळंच हलवलंय.