दाणा म्हणजे नट नव्हे

प्रिय मेघा,

आज तुझी कुटाची बरणी कचऱ्यात रिकामी केली, म्हणून लिहितोय. तू स्वतः दाणे भाजून, सोलून केलेलं शेवटचं कूट होतं ते. रागावू नकोस. आधी ऐक.

इरा इयर थ्रीमध्ये गेली आणि इंग्लंडातल्या नियमाप्रमाणे शाळेतलं फुकटचं जेवण बंद झालं. तू गेलीस तेव्हापासून तुझा पगार थांबलेला, माझ्या एकट्याच्या गोदामातल्या पगारात शाळेचं विकतचं जेवण रोज परवडेना. मग डबा. तोही हेल्दी हवा! क्रिस्प्स नको, चॉकलेट नको, प्रोटीन हवं. रोज चीज-चिकन कुठून आणू? मी पोळीत गाजराची कोशिंबीर गुंडाळायला लागलो, वर मूठभर दाण्याचं कूट. स्वस्त आणि पौष्टिक. काय खूश होतो गं स्वतःवर!

शाळेने बजावलं होतं, नो नट्स, काही मुलांना ॲलर्जी आहे. मी हसलो. काजू-बदाम आपल्याला परवडतात कुठे?

आज दुपारी शाळेतून फोन आला. इराने अर्धी पोळी तिच्या मैत्रिणीला, मॉलीला दिली होती. मॉलीचे ओठ सुजले होते, धड श्वास घेता येत नव्हता.

"एनी नट्स इन इट?" टीचरने विचारलं.

"नो नट्स," मी छातीठोकपणे म्हणालो. "ओन्ली कॅरट."

"देन व्हॉट आर दीज लिटल बिट्स?"

"ओह, दॅट्स जस्ट पीनट."

पलीकडे कुणीतरी ओरडलं, मेघा, आणि फोन बंद.

मी हॉस्पिटलपर्यंत कसा पोचलो ते मला आठवत नाही. मॉली वाचली. वेळेवर इंजेक्शन दिलं म्हणून वाचली. पण पोर गुदमरत असताना मी इकडे ठासून 'नो' म्हणत होतो!

तुला माहीत होतं ना, यांच्या लेखी दाणाही नटच? शाळेच्या ट्रिपला तू इराची भाजी आधी बाजूला काढायचीस, मग उरलेलीत कूट घालायचीस. मला वाटायचं, तिला आवडत नाही. एकदा तरी बोलायचंस की गं! सगळं एकटीनेच निस्तरायची कसली ही सवय?

मॉलीची आई माझ्यावर ओरडेल असं वाटलं होतं. ती नुसती रडत होती. "शी सेड शी वॉज नेव्हर हंग्री," एवढंच म्हणाली. इराला विचारलं, तर म्हणते, "बाबा, मॉलीच्या डब्यात ओन्ली ब्रेड असते. एव्हरी डे. सो आज मी हाफ दिली."

एक तीळ सात जणांत वाटून खावा, हे तूच शिकवलंस तिला. मी काय सांगू आता? शाळेने वाटून खायला बंदी केलीय. त्यांचं चूक म्हणायला माझ्याकडे तोंड नाही.

रात्री जेवताना इरा म्हणाली, "उद्यापासून मी कॉर्नरमध्ये एकटी बसते. मग कोणाला काही होणार नाही." मेघा, मी ताट बाजूला सारलं आणि फोन उचलला.

मी मॉलीच्या आईला शनिवारी दोघींनी जेवायला या म्हटलंय. माझ्या शेजारी उभी राहा, काय घालतोय ते बघ, म्हटलं. ती नुसतं "वी विल सी" म्हणाली. भांडी सगळी उकळून घेतलीत, घरात दाणा उरलेला नाही. साधा वरण-भात करीन आणि चार पानं मांडीन. आल्या नाहीत, तर पुढच्या शनिवारीही चारच मांडीन. आपली पोर कोपऱ्यात एकटी जेवणार नाही, हा माझा शब्द.

तुझा,
सुहास