मागच्या सीटखालची धडधड

१ डिसेंबर, सोम.
सावळघाट उतरताना आज परत. ब्रेक दाबला की गाडी थरथरते, पायाखाली धडधड. वरच्या वळणांना काही नाही, निम्मा घाट उतरला की सुरू. पेठ आल्यावर शेजारी बसलेले गावित सर म्हणाले, "रस्ताच खराब हाय, मॅडम." रस्ता नवाकोरा आहे. मला बरं वाटावं म्हणून. कल्पना मागच्या सीटवर. सातवा महिना तिला. आम्ही तिघं एकाच शाळेत, नाशिकहून रोज माझ्या गाडीने. शाळा आली तरी तिचा हात दारावरच्या हँडललाच.

२ डिसें., मंगळ.
नवऱ्याला सांगितलं. नितीन जेवता जेवता, "तू ब्रेकवर पाय ठेवूनच बसतेस." मग कॉलेज रोडला चक्कर मारून आला. "मस्त थांबते. काही झालेलं नाहीये." गाडी मला त्यानेच शिकवली. अजून त्याच सुरात बोलतो.

५, शुक्र.
संध्याकाळी वसंताच्या गॅरेजला. नितीनचा शाळेपासूनचा मित्र. चाकं बॅलन्स केली, गल्लीत चालवून बघितली. एकटाच, तेही गाडी गार असताना. "झालं काम, वहिनी."

८, सोम.
झालं नाही. उलट वाढलंय.
वसंता फोनवर: पुढच्या ब्रेकच्या डिस्क वाकल्या असतील, घासून घेऊ. घे बाबा.

१०, बुध.
डिस्क घासल्या, पॅड नवे. तरी तेच. घाटात कांद्याचा ट्रक अचानक थांबला, जोरात दाबावा लागला. अख्खी गाडी हलली. मागून "आई गं". गाडी कडेला घेतली. कल्पना पोटावर हात ठेवून बसलेली. पाणी प्यायली. मग म्हणाली, "मॅडम, तुम्हाला हाताला जाणवतं का हो? मला सीटच्या खालून येतं. अगदी कमरेत."
स्टिअरिंग खरंच शांत असतं. म्हणजे पुढचं नाहीच? कुठे हादरतं, हे आजवर तिला कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा.

११, गुरु.
कल्पना आज एस.टी.ने आली. पेठपर्यंत उभी, पुढे जीपमध्ये कोंबून. "सासूबाई म्हणाल्या की..." डबा खाताना माझ्याकडे बघेना. गाडीपेक्षा ती जीप जास्त वाईट, हे तिलाही माहीत आहे. मी कोणत्या तोंडाने सांगू?

१४, रवि.
नितीनला म्हटलं, चल घाटात. पण तू मागे बसायचं. हसला. बसला.
निम्म्या घाटाच्या खाली ब्रेक दाबला. आरशात बघितलं. हसू गेलं होतं. परत दाबला. "बास, कळलं."
खाली सरळ रस्ता लागला. मागेपुढे कुणी नाही. म्हणाला, "वेग कमी कर. हँडब्रेकचं बटण दाबून धर आणि हळूच ओढ. तो फक्त मागच्या चाकांना लागतो." ओढला. तीच धडधड. "मागचंच आहे."
सॉरी वगैरे नाही. पेठला चहाला थांबलो तेव्हा एकदम म्हणाला, "कल्पना रोज तिथे मागेच बसते?"

१५, सोम.
रजा टाकली. वसंताने मागच्या ब्रेकचे ड्रम काढले. डावा आतून जळून निळा पडलेला, गोलही राहिलेला नाही. ड्रमला आतून दाबणारा ब्रेक शू अडकून बसलेला.
"घाटात ब्रेकवर पाय असतो का, वहिनी?"
"शू अडकला म्हणून तापलं, की माझ्या पायामुळे?"
"दोन्ही असेल."
नितीन बाहेर मोबाइल बघत उभा. 'मी म्हटलंच होतं' असं तरी म्हणायचं. तेही नाही. दोन्ही ड्रम, शू, सगळं नवीन टाकलं.
उतारावर पाय ठेवायची सवय आहे मला. भीती वाटते म्हणून. हे कुणाला सांगितलेलं नाही.

१६, मंगळ.
कल्पनाला शाळेत गाठून सांगितलं, गाडी दुरुस्त झाली, येतेस का? "घरी विचारते." रात्री मेसेज: येते.

१७, बुध.
आली. मागे उशी घेऊन बसली. सगळा घाट सेकंड गिअरमध्ये उतरले. ब्रेक लागला तेवढाच, दाबून सोडून, दाबून सोडून. मागे हॉर्न वाजवत होते, वाजवू दे. निम्म्याच्या खाली एकदा पायाला काहीतरी वाटलं. गाडी की माझाच पाय कापत होता, कळेना. गावित सर "एकदम ओके." ते कधी वेगळं बोललेत?
शाळेच्या फाटकात मागे वळून विचारलं, "कल्पना, जाणवलं काही?"
ती पोटावरची ओढणी सावरत हसली. किती दिवसांनी. "खरं सांगू मॅडम? आज बाळच इतकं हलत होतं, मला गाडीचं काही कळलंच नाही."
परतीला सगळा चढच. उतरायचं ते आता उद्या सकाळी.