हडळीचे सरळ पाय

घाटकोपर, रविवार, दिवेलागणीनंतर

आज शेजारच्या सुमनच्या बाळाचं बारसं होतं. ज्या सिनेमात मी हडळ झाले त्याचा दुसरा भाग निघतोय, हे कळल्यावर बायकांना दुसरा विषयच उरला नाही. समोरची मालू म्हणाली, "मी तर अर्धा वेळ डोळे मिटूनच बसले गं!" सुमनची सासू हसली. "त्यात काय भ्यायचं? हडळीचे पाय कधी सरळ असतात काय? आमच्या कोकणात शेंबडं पोरही घाबरायचं नाही."

परत पाय! ते उलटे दाखवा म्हणून मीच घसा फोडला होता. निर्माता म्हणाला, पायांकडे कोण बघतंय. आता उद्या अंधेरीला बोलावलंय, उलट्या पायांचं माप घ्यायला. जाऊ की नको?

मग बाळाला पाळण्याच्या खालून-वरून द्यायची वेळ झाली. मी हात पुढे केले. म्हातारीनं बाळ छातीशी घट्ट धरलं आणि मालूला हाक मारली. मला म्हणाली, "तू राहू दे गं, दमली असशील."

शेंबडं पोरही घाबरत नाही ना? मग?

घरी येऊन पाय धुतले आणि किती वेळ त्यांच्याकडेच बघत बसले. सरळच आहेत की.