सारासाठी बिनतुपाचं धोंडस

प्रिय मालती,

तू गेल्यापासून काल पहिल्यांदाच आपली शेगडी पेटली, आणि ती मी पेटवली! खोटं वाटतंय ना? म्हणून तर लिहायला बसलोय. हे दुसऱ्या कुणाला सांगू?

झालं असं. शेजारच्या रिबकाबाई आणि त्यांची सारा उद्या इस्रायलला निघतायत, कायमच्या. परवा सारा आपल्या ओट्यावर येऊन बसली. म्हणाली, "काका, जायच्या आधी एकदा काकूंचं धोंडस खायला मिळायला हवं होतं." आणि मग स्वतःच ओशाळली. मी काय बोलून गेलो असेन? "अगं, मी करतो की! उद्याच्या जेवणाला!"

तू म्हणायचीस, धोंडसासारखं सोपं काही नाही. जून काकडीचं तवसं किसायचं, त्यात भाजलेला रवा, गूळ, खोबरं घालायचं, टोपाखाली निखारे, झाकणावर निखारे, आणि निवलं की वड्या पाडायच्या. पण रवा किती? गूळ किती? विचारलं की तुझं उत्तर ठरलेलं, "हाताला कळतं." माझ्या हाताला कोण कळवणार होतं गं? एवढं तरी सांगून जायचंस!

तू शेगडीला वारा घालायचीस आणि मी बाजूला बसून शाळेतली कविता चालीवर म्हणायचो, आठवतं? "अहो, आवरा आता," तू म्हणायचीस, "निखारेसुद्धा फुलायचं सोडून ऐकत बसलेत!" मला तेव्हा ती दादच वाटायची.

रिबकाबाईंकडे मटणाच्या जेवणावर दूधतूप चालत नाही, हे मी विसरलो नव्हतो हं. त्यांचं धोंडस तू नारळाच्या दुधात, गोड्या तेलावर करायचीस, तेही वेगळ्या टोपात. तो टोप मी आठवणीने फळीवरून काढला, नारळ पिळला. आणि रवा भाजताना हात गेला थेट तुपाच्या बरणीकडे! सगळं कालवून टोपात ओतलं, तेव्हा घरभर सुटलेला वास माझ्या ध्यानात आला. तवसं संपलं, टोपही बाटला. ऊन तर तलावापलीकडे उतरायला लागलेलं. काल शुक्रवार; सूर्य बुडाला की त्यांचा विश्रांतीचा शब्बाथ सुरू, मग त्या घरात विस्तवाला हात लागत नाही.

काय करावं? कालवलेलं तसंच भाजून वाढलं असतं तर कुणाला कळलं असतं, असा विचार मनात आला नाही, मालती. तुझ्या नावाचं धोंडस ते!

तसाच उठून त्यांच्या दारात गेलो आणि सांगितलं. रिबकाबाई आधी पोट धरून हसल्या. "भाऊ, जन्मभर आयतं खाल्लंत, त्याचं हे फळ!" मग त्यांनी गोणपाटात शिवलेलं भांड्यांचं बोचकं सरळ उसवलं आणि आपला टोप बाहेर काढला.

"अहो, बांधलेलं सामान!" मी म्हटलं.

"ते पुन्हा बांधता येईल. सूर्य थांबणार आहे का?"

रवा, गूळ, नारळ मी घरून नेला. तवसं नव्हतं, तर प्रवासासाठी आणलेली वेलची केळी सारानेच कुस्करली. त्यांच्याच अंगणात, त्यांच्याच शेगडीपाशी मी आणि सारा बसलो. ती विचारी, "काका, पीठ एवढं सैल असतं?" मी म्हणे, "तुझ्या हाताला काय कळतंय?" मग तिने आणखी मूठभर रवा घातला. तो बरोबर पडला गं! शेवटचे निखारे झाकणावरून उतरवले, तेव्हा आभाळ लाल झालं होतं.

बुड थोडं करपलं. जेवणानंतर साराने वडी तोंडात टाकली आणि सावकाश चघळू लागली. माझा जीव टांगणीला!

"काकूंसारखं नाही झालं," ती म्हणाली. "पण काकूंचंच आहे." आणि दुसरी उचलली.

मग हळूच म्हणाली, "तिकडे तवसं नसलं तर? नारळ नसला तर?"

"आज कुठे तवसं होतं?" मी म्हटलं, "तिकडे जे पिकेल ते घाल. धोंडस कशावरही रुसत नाही."

तेव्हा तिने माझ्याकडून कबूल करून घेतलं. ती तिकडे कशाकशाचं करते ते मला कळवणार, आणि मी इथे काय केलं ते तिला कळवायचं. "नुसत्या कविता लिहून पाठवू नका, काका!" तुझंच पाणी आहे पोरीत.

तेव्हा वचन देतो, मालती, शेगडी आता विझू देणार नाही. सोमवारी बाजारातून भोपळा आणतोय. साराचं पहिलं पत्र यायच्या आत मला भोपळ्याचं जमलंच पाहिजे.

तुझाच,
वामन