हॉटेलातलं माहेरपण

४ मे १९८६, रविवार. उरण

खोली चुकीची दिली! मी पत्रात स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं — शांत, मागच्या बाजूची. दिली पुढची. खाली पोहण्याचा तलाव, तलावाला लागून ऑर्केस्ट्राचं स्टेज. मॅनेजर म्हात्रे म्हणतो, "मॅडम, समुद्र दिसतो. लोक भांडतात या खोलीसाठी." म्हटलं, मग भांडणाऱ्यांना द्या की. मीही भांडतेच आहे, उलट्या बाजूने. अर्ध्या तासाने मागची मिळाली.

पुढच्या वेळेसाठी: आधी खोली बघावी, मगच सामान वर नेऊ द्यावं. एकदा बॅग कॉटवर पडली की आपण हरलो.

पुढची वेळ येईल न येईल. बासष्ट झाली. पण टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तेहतीस वर्षं पाळी संपताना पुढच्या मुलीसाठी चार ओळी लिहून ठेवल्या, ती खोड काही जात नाही.

धाकट्या बहिणीला, विमलला, आठ दिवसांसाठी आणलंय. मार्चमध्ये ती गॅससमोरच चक्कर येऊन पडली. डॉक्टर म्हणाले, पूर्ण विश्रांती. नवरा, दोन मुलगे, एक सून — त्या घरात विश्रांती कोण देणार तिला? आई जाऊन एकोणतीस वर्षं झाली. तेव्हापासून विमलला माहेर नाही. थोरली मी, ते मी करायचं. पण मी तेव्हा हॉस्टेलच्या एका कॉटवर! आता वाशीला सिडकोची एक खोली आणि स्वयंपाकघर आहे, पण तिथे आणली असती तर पहिल्या संध्याकाळीच ओटा घासायला घेतला असता. आणि ठाण्याहून तिचा नवरा, नामदेवराव, तासाभरात दारात.

म्हणून हॉटेल. इथे ओटाच नाही.

विमल कुठेही गेली की तिसऱ्या दिवशी नवऱ्याचं बोलावणं येतं. या वेळी येऊ देणार नाही. आठ म्हणजे आठ.

५ मे, सोमवार

विमल पाचला उठली. दोन्ही गाद्या आवरल्या, चादरींच्या घड्या घातल्या, टेबल पुसलं. झाडायला आलेली बाई दारातच उभी राहिली — तिला करायला काही ठेवलंच नव्हतं! "अगं, त्यांचा पगार चालू आहे त्यासाठी," म्हटलं. "सवय, ताई."

नळाचं पाणी मचूळ. साबणाला फेस नाही, केस तारेसारखे झाले. सहाच्या आत स्वयंपाकघराच्या दाराशी गेलं तर विहिरीच्या गोड पाण्याची एक बादली देतात. सहानंतर फक्त हसतात. सकाळचा चहा आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवावा आणि थर्मास आपला न्यावा. त्यांच्या थर्मासला कालच्या कॉफीचा वास येतो.

अकराला काउंटरवर फोन. नामदेवराव! "मेतकुटाचा डबा कुठे ठेवलाय? आणि ती कधी निघतेय?" दुसराच दिवस! मी म्हणाले, "हॅलो? हॅलो? ऐकू येत नाही हो," आणि खाली ठेवला. याच लबाडीबद्दल एक्स्चेंजमध्ये मी किती मुलींना खुर्चीतून उठवलंय. कॉन्व्हेंटच्या सिस्टर बर्नडेट असत्या तर कोपऱ्यात गुडघ्यांवर बसवलं असतं मला. बसले असते.

विमलला सांगितलं नाही.

६ मे, मंगळवार

ऑर्केस्ट्रा. सहा ते नऊ. मागच्या खोलीतही! डोकं गेलं.

७ मे, बुधवार

आज ठाणे-बेलापूर रोडवरच्या कुठल्याशा कारखान्याची सहल आली. तीन बसगाड्या. समोर कापडी फलक, आत दीडशे माणसं आणि दोन ढोलक्या. बारा वाजता भोजनगृहात दाखल व्हावं. सव्वाबाराला मासे संपतात, साडेबाराला खुर्च्या.

मी बरोबर बाराला ताट घेऊन बसले. विमल नाही. तलावावर नाही, वाळूत नाही. जीव घाबरा झाला, पुन्हा कुठे चक्कर येऊन पडली की काय! शेवटी सापडली कुठे? स्वयंपाकघरामागच्या कपड्यांच्या खोलीत. भिंतीभर फळ्या, फळ्यांवर चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल. आणि आमच्या बाईसाहेब मधोमध उभ्या राहून चादरीच्या घड्या घालताहेत! चादरीचं दुसरं टोक शेवंताबाईंच्या हातात. या इथल्याच, कोळीवाड्याशेजारच्या. हॉटेल निघालं तेव्हापासून कपड्यांची खोली त्यांच्याकडे.

"विमल!"

"आले आले. एवढा गठ्ठा होऊ दे."

शेवंताबाई हसल्या. "राग नका करू ताई. तुमच्या भैनीचा हात हाय ना, चादरीला इस्तरीच लागत नाय!"

"म्हणून का तुम्ही तिला कामाला लावलंत?"

"मी नाय हो लावली. त्याच आल्या. टॉवेल बदलून मागायला आल्या नि आमची फली लावूनच गेल्या काल."

म्हणजे कालही! आणि मला सांगितलं, किनाऱ्यावर फिरून आले.

जेवण गार झालं. मासे संपले होते.

८ मे, गुरुवार

भरतीच्या वेळा काउंटरमागे खडूने लिहिलेल्या असतात. विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. ओहोटीला जाऊ नये — चिखल, आणि चप्पल तिथेच राहते. माझी डावी राहिली.

हिरवळीवर हाउजी. म्हात्रेंचा मेहुणा आकडे पुकारतो. उच्चार असे की कानात बोटं घालावीत. दुसऱ्या डावाला न राहवून माईक मीच घेतला. टाळ्या पडल्या. मूर्खपणा झाला, आता रोज बोलावतील.

नामदेवरावांचा पुन्हा फोन. "तिला द्या." म्हटलं, समुद्रावर गेलीय. "चार चार दिवस काय बघायचं असतं समुद्रात?" म्हटलं, पाणी!

विमल समुद्रावर नव्हतीच. कुठे होती ते लिहायला नको.

शेवंताबाई व्हरांड्यात गुडघ्यांना तेल चोळत बसल्या होत्या. म्हणाल्या, "पावसाच्या आधी सोडनार मी. जिना होत नाय. मॅनेजरला सांगून ठेवलाय, दुसरी बाय बघ." मी म्हटलं, लवकर बघायला सांगा, म्हणजे माझी बहीण सुटेल.

९ मे, शुक्रवार

भांडले. तिला आराम द्यायला आणली आणि भांडले.

म्हणाले, "मी तुला इथे काय हमालीला आणलंय? घरी तेच, इथे तेच! खुर्ची दिलीय, समुद्र दिलाय, आयतं ताट दिलंय. बसवत का नाही तुला?"

विमल छप्पन्न वर्षांची बाई, पण रागावलं की अजून पायाच्या अंगठ्याकडे बघते. मग हळूच म्हणाली, "इथे पाच वाजता संपतं, ताई."

"काय संपतं?"

"काम. पाच वाजता शेवंताबाई कुलूप लावतात. चादर उरली तरी लावतात. म्हणतात, उद्या."

मी म्हटलं, मग तू चारलाच येत जा. यावर ती हसली. तिचे गाल वर आलेत, हे मात्र खरं. रंगही बरा दिसतो. मासे आणि खारा वारा.

मी दमले. आराम करवून घेणं हे एक्स्चेंजच्या दिवाळीच्या पाळीपेक्षा अवघड काम आहे. इथे आल्यापासून पाठ टेकली नाही — तिला शोधत फिरते, पाण्यासाठी उठते, फोनवर पहारा देते.

चष्म्यावर मीठ साचतं. मऊ फडकं आणावं. कोरडं पुसलं तर चरे पडतात.

१० मे, शनिवार

पहारा फुकट गेला. हाउजीचे आकडे पुकारून परत येते तर काउंटरवर विमल, कानाला फोन! पाठ माझ्याकडे. फोन तिनेच लावला होता, म्हात्रेंनी सांगितलं. नामदेवरावांचा आवाज दारापर्यंत येत होता. ती फार बोलली नाही. "हो." "नाही." "मेतकूट मोरीवरच्या फळीवर." मग, "सोमवारी. हो, ठरलंय माझं. हो, विचार करूनच." आणि फोन ठेवला. तिने ठेवला, त्यांनी नाही. बघितलं मी.

म्हणजे सोमवारी जाते म्हणून वचन दिलं. ठीक आहे, आठ दिवस तर पुरे होतील. जिंकलेच की मी.

वाशीला अजून चार दिवस चल, असं विचारणार होते. विचारलं नाही. पुन्हा तो ओटा!

११ मे, रविवार

उरणच्या बाजारात जाऊन आले. रिक्षावाल्याशी झालेलं भांडण लिहीत नाही, जागा पुरणार नाही. खण घेतला, हिरवा, बारीक काठाचा. नारळ स्वयंपाकघरातून मागून घेतला, तांदूळही. हळदकुंकू शेवंताबाईंनी पुडीत बांधून दिलं. माहेरवाशीण निघते तेव्हा तिची ओटी भरायची असते. आई भरायची. विमल पदर पसरून उभी राहायची आणि दोघी रडायच्या. मी दारात पिशवी धरून उभी.

पण मी भरायची का? लग्न न झालेल्या बाईने भरलेली चालते का? कॉन्व्हेंटमध्ये टेबलावर काटे कुठल्या बाजूला मांडायचे ते शिकवलं, हे नाही. शेवंताबाईंना विचारलं. म्हणाल्या, "भरनारीचा मन असला म्हंजे झाला."

खोली अकराच्या आत सोडावी लागते. एक मिनिट उशीर झाला तर म्हात्रे घड्याळाखाली येऊन उभा राहतो. माझी बॅग भरली. ओले कपडे वेगळ्या पिशवीत. विमलने काहीच आवरलेलं नाही. "सकाळी बघू," म्हणते. कधी नव्हे ते!

१२ मे, सोमवार. वाशी

विमलने पदर पसरला नाही. "ओटी जाणारीची भरतात, ताई," म्हणाली. "जातेयस तू, मी नाही." आजपासून शेवंताबाईंच्या जागी कपड्यांची खोली तिच्याकडे. मागे राहायला जागाही देताहेत. शनिवारी फोनवर तिने नवऱ्याला हेच सांगितलं होतं.

मग ओटीचं ताट माझ्या हातातून घेतलं आणि माझी ओटी भरली. बासष्ट वर्षांत पहिल्यांदा. दोघी रडलो. शेवंताबाईंनी पिशवी धरली.

एसटीत नारळ मांडीवर. कंडक्टर म्हणाला, "माहेरून निघालात वाटतं, आजी?"

हो म्हटलं.