उघड्यावरचं नाव

काकार्सुत, २४ एप्रिल

प्रिय उयाराक,

तुला आणि सोल्वायला आईकडून नाकाला नाक लावून पापा. पाकिटावर माझं अक्षर बघून दचकला असशील. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. खरं सांगायचं तर तू फोन उचलत नाहीस तेच बरं. जे सांगायचं आहे ते फोनवर माझ्या तोंडून फुटलं नसतं.

तुझ्याकडे मला एक मागायचं आहे, आणि बाळ यायच्या आत त्याचं उत्तर हवं आहे. पण आधी घरची खबरबात, नाहीतर म्हणशील, आईला काम निघालं की मुलगा आठवतो.

बाळाचं मला कसं कळलं म्हणून सोल्वायवर डोळे वटारू नकोस. नाताळात तिचं कार्ड आलं, जूनमध्ये होणार म्हणून. ‘उयाराकला न सांगता लिहिते आहे’ असंही तिनेच खाली लिहिलं होतं. तुमच्या घरात एक तरी शहाणं माणूस आहे, हे वाचून जिवाला बरं वाटलं. तिला म्हणावं, सीलचं मांस मिळेल तिथून मिळव आणि खा. तिकडच्या पावावर कसलं बाळ धरणार?

माझे गुडघे आहेत तसेच आहेत. गाबामामाची दाढी पार पांढरी झाली. तो हल्ली फारसा बोलत नाही. तू म्हणशील, गाबामामा आणि गप्प? ते पुढे लिहिते.

मार्चअखेर इथे पाऊस पडला. बर्फ नव्हे, पाऊस. छपरावर ताडताड वाजायला लागला तेव्हा मला वाटलं, कुणी पोरं खडे मारताहेत. सीलच्या माद्यांनी बर्फाखाली बिळं करून पिल्लं घातली होती. पावसाने बिळांची छपरं वितळून खाली आली आणि पिल्लं भर उजेडात, ओल्या अंगाने पडली. मग कावळे आले. कावळे आधी डोळे काढतात, हे तुला सांगायला नको. बाकीचं खायला त्यांना वेळ असतो. त्या दोन दिवसांत मी खाडीकडची खिडकी गोधडी टांगून बंद केली.

धक्क्यावर आता उन्हाळ्यात कॉड मासा लागतो, लठ्ठ, पोत्यासारखा. बायकांना आधी आनंद झाला. मग एकीने पोट फाडलं, तर आत आपलीच लहान मासळी खचाखच. पाहुणा आला आणि घरच्यांना खाऊन बसला. गेल्या ऑगस्टमध्ये काळ्या पंखांचे मारेकरी देवमासेही आत आले. लांब सुळ्याचे नार्व्हाल बिचारे भिऊन पार किनाऱ्याला चिकटले होते, इतके जवळ की त्यांचा श्वास घरात ऐकू यायचा.

आणि आपली हिमनदी वितळत मागे हटून जमिनीवर चढली. तू गेलास तेव्हा तिचं तोंड समुद्रात होतं. तिच्या पायाशी खालून गढूळ पाणी उकळी फुटल्यासारखं वर यायचं, त्यावर पांढरे पक्षी अशी गर्दी करायचे की पाणी दिसायचं नाही. पक्षी आले की सील यायचे, आणि हॅलिबट माशासाठी गळाच्या दोऱ्या आपण तिथेच सोडायचो. तुझं सगळं लहानपण त्या जागेने पोसलं. आता तिथे चिखल आहे आणि एक ओहोळ. पक्षी नाहीत, सील नाहीत, दोरीला काही लागत नाही. हॅलिबट बाहेर गेला, लांब, टोकाच्या कड्यापाशी खोल पाण्यात. त्याच्या मागे माणसंही तिकडे जायला लागली.

बर्फगाडी ओढणाऱ्या आपल्या कुत्र्यांचं लिहायला हवं. ते लिहू नकोस असं मला बजावलं गेलं होतं. पण आता बजावणाऱ्याचं ऐकायला मी बांधलेली नाही.

चार वर्षांपूर्वी तू धक्क्यावर बॅगा ठेवून काय म्हणालास, आठवतं? “बाबा, ही कुत्री म्हणजे आता नुसती खायला काळ. समुद्र गोठतच नाही तर ओढणार काय, वारा? मारून टाका आणि चला माझ्याबरोबर.” आणि तुझे बाबा काय म्हणाले? “तू जा. दक्षिणेला कुत्री पलंगावर झोपतात म्हणे, तुलाही एखादा कोपरा मिळेल.” सगळी वस्ती हसली. तू नाही हसलास. नंतर घरी आल्यावर तेही हसले नाहीत. त्यानंतर तुम्हा दोघांची तोंडं जी बंद झाली ती झालीच. बाप तसा बेटा. मी मध्ये सँडविचातल्या चरबीसारखी.

तर ऐक. गेल्या शरदात सील मिळाला नाही, कुत्र्यांना घालायला काही उरलं नाही. एका सकाळी तुझ्या बाबांनी मला कॉफी करायला सांगितली, बंदूक घेतली आणि घरामागे गेले. कॉफी तशीच गार झाली. फक्त म्हातारी पुआलु परत आली त्यांच्याबरोबर. “हिच्यावर हात चालला नाही,” म्हणाले. मग बंदूक खुंटीला अडकवली आणि म्हणाले, “उयाराकला कळवू नकोस. तो जिंकला असं त्याला वाटेल.” मी म्हटलं, “आणि तो जिंकला नाही का?” त्यावर म्हणाले, “तो बरोबर होता. ते वेगळं.”

हे वाक्य मी तुझ्यासाठी जपून ठेवलं होतं. घे.

हॅलिबट मी आता खात नाही. आमालिया, पलीकडच्या लाल घरातली, दर दोन दिवसांनी तुकडा आणून देते. मी पुआलुला घालते असं तिला सांगते. पुआलुलाही घालत नाही, मागे पुरते. आपल्या खाडीच्या तळाचं काहीही माझ्या घशाखाली उतरत नाही. का, ते आता लिहायलाच हवं. एवढं लांबवलं, बास झालं.

फेब्रुवारीत खाडी गोठली. उशिरा, पण गोठली. वर बर्फ भुरभुरला, सगळं पांढरंशुभ्र, आजोबांच्या वेळेसारखं. त्याआधी उन्हाळ्यात अभ्यासाच्या जहाजावरची एक पोर आली होती. तिने तुझ्या बाबांना चहा पाजून समजावलं होतं की तळातून कोमट पाणी आत येतंय, टोकाच्या कड्यापाशी ते वर चढतं, बर्फ खालून खाल्ला जातो, वरून कळत नाही. तुझे बाबा हसले. “पोरी, बर्फावर आम्ही वरून चालतो, खालून नाही.” सगळ्यांना तो विनोद फार आवडला. मलाही.

कुत्री असती तर त्यांनी सांगितलं असतं. पातळ बर्फावर कुत्री शेपट्या पाडतात, पंख्यासारखी पसरतात आणि कितीही शिव्या घाला, पाऊल टाकत नाहीत. मग माणूस उतरतो, पहार मारून बघतो. बर्फावरची स्कूटर तशी थांबत नाही. तिला नाक नसतं. गाबामामाच्या दोन स्कूटर, एकीवर तो, एकीवर तुझे बाबा, टोकाच्या कड्याकडे दोऱ्या बघायला निघाले. पहार मागे बांधलेली होती, नीट गाठ मारून.

गाबामामा घरी आला तेव्हा मी पीठ मळत होते. तो दारातच उभा राहिला. म्हणाला, “ताई, दाजी पुढे होते. मग नव्हते.” एवढंच. तेव्हापासून तो गप्प आहे.

हेलिकॉप्टर आलं, दोन दिवस फिरलं. आपली माणसं दोऱ्या सोडून आठवडाभर शोधत होती. मग वारा सुटला आणि टोकाकडचा सगळा बर्फ समुद्रात गेला. काही सापडलं नाही. तुला कळवायला सगळे निघाले होते, मी कुणाला कळवू दिलं नाही. उयाराकला मी सांगेन म्हणाले, आणि दोन महिने सांगितलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, दोऱ्या बघायला गेलेत. लोक माना हलवायचे. चर्चमधल्या मार्ताने प्रार्थना म्हटली तेव्हा मी घरी मोजे विणत बसले होते, त्यांच्याच मापाचे.

हे वाचून तू स्वतःला लावून घेशील, म्हणून हात अडत होता. मारून टाका असं तू म्हणाला होतास, आणि कुत्री नव्हती म्हणून ते गेले. मीही रात्रंदिवस हे उलटंसुलटं करून पाहिलं. पण कुत्री तुझ्या बोलण्याने मेली नाहीत. ती सीलविना मेली, आणि सील बर्फाविना. तुझ्यावर मी रागावलेली नाही. मला राग आहे तो खाडीचा. चाळीस वर्षं तिने जे मागितलं ते आम्ही दिलं, आणि तिने आपलाच माणूस ओळखला नाही.

आता माझं मागणं.

या सबंध पत्रात मी त्यांचं नाव एकदाही लिहिलेलं नाही. किनाऱ्यावरून हाक मारली की समोरचा कडा ते नाव परत द्यायचा, अशी मोठ्याने हाक मारणारी मी, आणि दोन महिने ते माझ्या तोंडात नाही. गाबामामाच्या नाही, कुणाच्याच नाही. का ते तुला माहीत आहे. कोपनहेगनला जाऊन एवढं तरी विसरला नसशील. नवं बाळ ते नाव घेत नाही तोवर ते उच्चारायचं नाही. तोवर ते उघड्यावर असतं, थंडीत. माणूस तर सापडलाच नाही. निदान नाव तरी घरात आणू दे.

आमालियाला मे महिन्यात बाळ होणार आहे. तिने येऊन विचारलं, “बिबियाना, मी नाव घेऊ का?” मी खेकसले, “कुणाचं? दोऱ्या बघायला गेलेत ते.” तिने माझ्या हातातली विणकामाची सुई काढून घेतली आणि माझ्याबरोबर रडली. जाताना मी म्हटलं, “थांब थोडी. आधी घरच्यांचा मान.” तर म्हणते कशी, “मी थांबेन गं, पण पोटातलं थांबतं का कुणासाठी?”

म्हणून घाई. मुलगा होवो की मुलगी, नावाला फरक पडत नाही. सोल्वायने ठरवलेलं नाव असू दे पुढे, आपलं मागे राहील. पण तिला नीट समजावून सांग, लपवू नकोस. नावाबरोबर माणूसही परत येतो, म्हणून ज्याने ते नाव घेतलं त्याला तू ‘बाबा’ म्हणायचं. रोज. चार वर्षं जी हाक तू मारली नाहीस ती आता लंगोट बदलताना मारायची. ते रडतील, तू उचलून घ्यायचं. पाण्याची भीती वाटली तर टबात हळूच बसवायचं, पाणी आधी कोपराने बघून. आणि एखाद्या दिवशी ते तुझ्याकडे बघून हसतील. तेव्हा तू रुसून बसू नकोस म्हणजे झालं.

जमणार नसेल तर लगेच मार्ताला कळव, मला नको. मी नाव आमालियाला देईन आणि तुझ्यावर राग धरणार नाही. जमणार असेल तर जूनमध्ये फोन कर. माझ्याशी बोलू नकोस. फोन त्याच्या तोंडाशी धर आणि त्याला हाक मार, मला ऐकू येईल अशी. मग मी किनाऱ्यावर जाईन आणि कडा अजून उत्तर देतो का ते बघेन. पुआलु सकाळपासून तिथेच बसते.

मोजे विणून झाले होते. उसवून त्याच लोकरीचे लहान केले आहेत. सोबत पाठवते.

तुझी आई,
आणि तू हो म्हणालास तर तुझ्या बाळाची बायको,
बिबियाना