डोकं तापलेला कॉम्प्युटर

कवठे महांकाळ, ५ सप्टेंबर २०२५

ती. स्व. जयराजमामांस,
संयोगिताचा सा. न. वि. वि.

फोनवरचं बोलणं वाऱ्यावर जातं, असं म्हणून तुम्ही अजून पत्रंच मागता. म्हणून घरात नेट असताना मी तिकिटं चिकटवत बसले आहे. बातमी अशी की, कराडच्या एका आर्किटेक्टबाईंनी बंगल्याची थ्रीडी चित्रं करायचं काम दिलंय. आबांची अट तुम्हाला ठाऊक आहेच. दिवाळीपर्यंत हे काम पार पडलं तर घरच्या खोलीत माझा धंदा, नाही तर पुण्याला काकांकडे राहून त्यांनी बघितलेली नोकरी. मला पुण्याला जायचं नाही.

कॉम्प्युटरचे भाग मी ठरवले आहेत. खोलीवर तापणारा पत्रा आणि शेजारच्या बेदाण्याच्या शेडची धूळ, म्हणून प्रोसेसर गार ठेवायला पाण्याच्या नळ्या नकोत, मोठा साधा पंखा बरा. बिघडला तर सांगलीत दुसरा मिळतो. रॅम बत्तीस जीबी, सोळाच्या दोन पट्ट्या. त्या बुटक्या आणि बिनदिव्यांच्या हव्यात, कारण पंखा त्यांच्या डोक्यावर येतो. जोडायला तुम्हीच येणार असा हट्ट असेल, तर या.

मामींना नमस्कार. त्यांच्या सोफ्यावरचं प्लास्टिक अजून करकरतं का? लोभ आहेच, वेगळा मागत नाही.

तुमची,
संयोगिता

वाई, ११ सप्टेंबर

चि. संयोगितास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून करमणूक झाली. फौजेच्या सिग्नलमध्ये वायरलेस सेट उघडण्यात माझी उमर गेली, आणि ही पोर मला पंखा शिकवते. बिनदिव्यांची रॅम म्हणजे बिनवाजंत्रीचं लग्न. मी साताऱ्यातून रंगीत दिव्यांच्या उंच पट्ट्या घेऊन ठेवल्या आहेत, त्याच बसतील. पाण्याच्या नळ्याही घेतल्या असत्या, पण दाजी म्हणाले, घरात नळाला पाणी नाही आणि कॉम्प्युटरला कुठलं घालू.

सोफ्याचं म्हणशील, तर नवी वस्तू नवी ठेवायला शिस्त लागते. तुझ्या मामीला ती नाही. ती नुसती बसायला बघते.

रविवारी येतो. कोंबडा तयार ठेवावा, हीच मामाची अपेक्षा.

जयराज

कवठे महांकाळ, २४ सप्टेंबर

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

कोंबडा पचला असेल. तुमच्या उंच पट्ट्या पंख्याला अडल्या, तरी तुम्ही दाबत राहिलात. आबांनी डोळे मिटून घेतले. मी सांगलीला जाऊन बुटक्या विकत आणल्या, तेव्हा कुठे जमलं. शेवटी पंखा पक्का बसवताना मात्र मला चहा टाकायला पाठवलंत.

आता ऐका. चित्र करायला घेतलं की प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास जातो आणि मशीन बंद. रोज हेच. काम तसूभर पुढे सरकलेलं नाही आणि मला भीती वाटायला लागली आहे. तुम्ही काय केलं असेल ते आठवून कळवा.

राग आवरून, तुमचीच,
संयोगिता

वाई, ३० सप्टेंबर

चि. संयोगितास,
अनेक आशीर्वाद.

मी काय करणार? दोष तुमच्या तालुक्याचा. तिकडे माणसाचं डोकं तापतं, तिथं मशीनची काय कथा. नळ्या घे म्हणत होतो, पण मामाचं ऐकेल तर ती भाची कसली.

दाजींना फोन करून मी स्पष्ट सांगितलं की, उगाच आशेला लावू नका, दसरा झाला की पोरीला पुण्याला पाठवा. ऑफिसात एसी असतो. वाईट वाटून घेऊ नकोस, मामा तुझ्या भल्याचंच बोलतो.

शहाण्या पोरीसारखं ऐकशील अशी आशा धरून आहे.

जयराज

कवठे महांकाळ, ७ ऑक्टोबर

ती. स्व. मामांस,
नमस्कार.

तुमच्या फोननंतर आबांनी माळ्यावरची बॅग खाली काढली. मी रडले. मग रागारागानं पंखाच उपटला. त्याचा गुळगुळीत तळ प्रोसेसरला टेकतो ना, त्याच तळावर पारदर्शक प्लास्टिक होतं. त्यावर लाल अक्षरांत इंग्रजीत छापलं होतं की बसवण्याआधी काढा, आणि प्रोसेसरची उष्णता पंख्याकडे नेणारी पेस्ट तुम्ही त्याच्याच वर लावली होती. तुम्हाला इंग्रजी येतं, मामा. म्हणजे तुम्ही ते वाचलंत आणि तरी ठेवलंत. चकाकी जाईल म्हणून.

प्लास्टिक काढून नवी पेस्ट लावली. आता मशीन दिवसभर चालतं आणि सत्तरच्या वर जात नाही. आर्किटेक्टबाईंना पहिली चित्रं पसंत पडली. पण आबांचा विश्वास बसत नाही. ते म्हणतात, फौजी माणूस चुकायचा नाही, आज चाललंय, उद्या पुन्हा बंद पडेल. बॅग अजून दाराशीच आहे. तुमची चूक तुम्हीच आबांना सांगा, माझ्याकडून त्यांना ती खरी वाटत नाही.

ते प्लास्टिक पुसून पाकिटात घातलं आहे. जपून ठेवा, अजून नवं आहे.

संयोगिता

वाई, १३ ऑक्टोबर

चि. संयोगितास,
अनेक आशीर्वाद.

प्लास्टिक मिळालं. होय, वाचलं होतं. कंपनीवाल्यांना वस्तूची किंमत नसते, असं वाटलं.

दाजींना फोन केला. सगळं सांगितलं, अगदी चहाला तुला का पाठवलं तेही. तू बघितलं असतंस तर काढायला लावलं असतंस. दाजी हसत सुटले, ते थांबेचनात. शेवटी म्हणाले, बॅग माळ्यावर टाकतो. तू घरीच राहतेस. मला बरं वाटलं, आणि लाजही वाटली.

तुझं पत्र मामीनं दोनदा मोठ्यानं वाचलं. मग कात्री आणली आणि सोफ्यावरचं प्लास्टिक टराटरा कापलं. मी शिस्तीचा शब्दही काढला नाही. ते प्लास्टिक इतकं पिवळं पडलं होतं की इतकी वर्षं आम्ही दोघंही त्या सोफ्याला हिरवा म्हणत होतो. मामी मांडी घालून बसली, कापडावरून हात फिरवत राहिली आणि म्हणाली, "आवं, ह्यो निळा हाय की. निळाच घेतला व्हता आपण, मी इसरूनच गेले."

मला तिनं शेजारी बसायला बोलावलेलं नाही. दिवाळीत तू ये, म्हणजे तुझ्याबरोबर मलाही बसता येईल.

मामावर माया ठेव, थोडी जुनी झालेली चालेल.

जयराज